चांदणीच्या दोन स्लाइड

आमच्या सासूबाईंना, रखमाबाईंना, स्वतःची सही करता येत नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींची पाचही नावं त्यांना पाठ आहेत. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. भाकऱ्या थापताना त्या ही नावं म्हणायच्या आणि मागून चांदणी ओरडायची, “आये, बेसोफिल रायला!” चांदणी म्हणजे माझी नणंद, वीस वर्षांची. तिला मोठ्याने म्हटल्याशिवाय काही पाठ व्हायचं नाही, त्यामुळे तिचा अभ्यास म्हणजे सगळ्या घराचा अभ्यास होता.

मी सुचेता. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं टेक्निशियन आहे. माहेर आधी लालबागचं, मग इथून जवळच्याच सिल्व्हर पार्कचं. लग्न होऊन नवघर गावात आले, तोवर इथली मिठागरं जाऊन त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले होते. सासूबाईंनी मात्र तरुणपणी मिठागरात काम केलेलं, त्यांच्या बोलण्यात अजून भरती-ओहोटी असते. माझा नवरा जितेंद्र काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

चांदणी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती तो माझ्याकडे बघून. सासूबाई गावभर सांगायच्या, “आमची सून रगत बगते, आता पोरगी पन बगनार.” पोरीने आईलाही सोडलं नाही. एकदा रात्रीच्या जेवणावर तिने सगळं रक्त आईला समजावून सांगितलं होतं. तांबड्या पेशी श्वासातली हवा अंगभर पोचवतात. न्यूट्रोफिल जंतूंवर पहिले धावून जातात आणि तिथेच मरतात, जखमेतला पू म्हणजे तेच. लिम्फोसाइट जुने दुश्मन लक्षात ठेवतात. मोनोसाइट सगळ्यांत मोठे, ते मेलेला कचरा खाऊन टाकतात. इओसिनोफिल जंतांच्या आणि ॲलर्जीच्या मागे असतात. बेसोफिल शंभरात एखादा, तोही मिळाला तर मिळाला. आणि प्लेटलेट म्हणजे बारीक चुरा, पण कुठे भोक पडलं की तोच जाऊन चिकटतो आणि रक्त थांबवतो.

सासूबाईंनी घास हातात धरून विचार केला. “म्हंजे आमीच की गो,” त्या म्हणाल्या. “भरतीला बांधाला खांड पडली की आमी बाया घमेल्यान चिखल घेऊन धावाचो. बुजली नाय तं सगला मीठ पान्यान जायचा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात प्लेटलेट म्हणजे खांड बुजवणाऱ्या बाया. चांदणीने परीक्षेत असं लिहू नये म्हणून मी तिला दोनदा बजावलं होतं.

कॉलेज सुटलं की ती संध्याकाळी लॅबमध्ये यायची, हात बसावा म्हणून. स्लाइडवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेने तो पातळ ओढायचा, म्हणजे स्मिअर करायचा, वाळला की त्यावर स्टेन, म्हणजे पेशींना रंग देणारं औषध, घालायचा आणि पाण्याने धुवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण स्टेन बाटलीत राहून त्याचा गाळ धरतो. वापरण्याआधी तो कागदातून गाळून घ्यावा लागतो. नाही गाळला तर स्लाइडवर जांभळे ठिपके आणि काड्या पडतात, आणि नवशिक्यांना त्यात काय काय दिसायला लागतं.

चांदणीला ऑगस्टमध्ये मलेरिया दिसला. शेजारच्या बाळाकाकांना दोन दिवस ताप होता, त्यांच्या रक्तात. मला न विचारता ती तिथूनच त्यांना फोन करून मोकळी झाली. बाळाकाकांनी अंथरूण धरलं, त्यांच्या लेकीला मुलुंडहून बोलावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मी स्लाइड पाहिली तर काय, मलेरिया नाही न् काही नाही, नुसता स्टेनचा गाळ. लॅबच्या डॉक्टर हंसा मॅडम मला सगळ्यांसमोर बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कामावर बोलणी खाल्ली, आणि तीही नणंदेपायी. घरी येऊन मी चांदणीला असं झापलं की जितेंद्रसुद्धा मध्ये पडला नाही. ती रडली, मग जर्नलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, ‘आधी स्टेन गाळणे.’

सप्टेंबर उजाडला आणि डेंग्यूची गर्दी सुरू झाली. दिवसाला दीडशे सॅम्पल. मशीन बंद पडायचं, पेशंटचे नातेवाईक काउंटरवर मुठी आपटायचे, रिपोर्टला उशीर झाला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॅबचा उद्धार व्हायचा. चांदणीचं तेव्हा प्रात्यक्षिक जर्नल पुरं करायचं चाललं होतं. प्रयोग क्रमांक नऊ: नॉर्मल माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजून कुठल्या किती ते लिहायचं, चित्रासकट. नॉर्मल माणूस शोधायला कोण जातंय? विद्यार्थी स्वतःच्याच बोटाला सुई टोचतात. मीही माझ्या वेळी तेच केलं होतं. तिनेही तेच केलं.

ती नऊ तारीख होती. मी मशीनसमोर उभी होते, चांदणी कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपवर. आमच्याकडे मोजायला पाच बटणांचा जुना काउंटर आहे, पाच जातींना पाच बटणं. पेशी दिसली की तिचं बटण दाबायचं, शंभर झाले की घंटी वाजते. तिची घंटी काही वाजेना.

“वहिनी, पेशी मिळतच नाहीयेत. अख्खी स्लाइड फिरले, पन्नासपण नाही झाल्या.”

“स्मिअर पातळ ओढलायस.”

थोड्या वेळाने पुन्हा. “वहिनी, ह्याला कुठलं बटण दाबू? मोठी पेशी आहे, आत खूप दाणे आहेत, आणि काड्या. एकीत तर काड्यांची मोळीच आहे बघ.”

काड्या म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात बाळाकाका आले, हंसा मॅडम आल्या. माझ्या हातात ट्यूबचा रॅक होता आणि काउंटरवर एक माणूस ‘मालिक को बुलाओ’ म्हणून ओरडत होता.

“स्टेन गाळलास का?”

“गाळला ना.”

“नीट गाळला नाहीस. मोनोसाइटचं दाब आणि पुढे चल.”

“वहिनी, एकदा बघ ना येऊन.”

“चांदणी, मला दीडशे माणसांचं रक्त बघायचंय, तुझा गाळ बघायला वेळ नाही!”

मायक्रोस्कोप माझ्यापासून सात पावलांवर होता. नंतर मी मोजलीत.

रात्री तिने जर्नल तपासायला माझ्यापुढे ठेवलं. चित्र तिने मन लावून काढलं होतं. चांदणीचा हात चांगला होता, आमच्या दारातल्या रांगोळ्या तीच काढायची. गोल मोठी पेशी, आत जांभळे दाणे, आणि मधोमध पेन्सिलने काढलेल्या आठ-दहा बारीक काड्या, एकत्र बांधल्यासारख्या. मी लाल पेनाने त्या चित्रावर फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘स्टेनचा गाळ. गाळून घे. परत कर.’

दोन दिवसांनी प्रयोग परत केलेला समोर आला. न्यूट्रोफिल साठ, लिम्फोसाइट एकतीस, मोनोसाइट पाच, इओसिनोफिल तीन, बेसोफिल एक. चित्रं पुस्तकातल्यासारखी. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि लिहिलं, ‘आता कसं!’ तिने वर पाहिलं नाही. मला वाटलं, रुसलीय. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, धडा मिळाला.

त्या दिवसांत ती थकून यायची. पोटरीवर एक काळानिळा डाग होता, म्हणाली रिक्षाच्या दांड्याला लागलं. दात घासताना रक्त यायचं, तिने ब्रश बदलला. सासूबाई म्हणाल्या, अंगात रगत नाय, आणि बीट, खजूर, गूळ सुरू झालं. मी घरात रक्त बघणारी. मी म्हटलं, गर्दी कमी झाली की तुझं सीबीसी करून टाकू. गर्दी काही कमी झाली नाही.

एकोणीस तारखेला सकाळी तिच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. सासूबाईंनी डोक्यावर पाणी थापलं, कांदा हुंगवला. तासाभराने टॉवेल भिजला तेव्हा जितेंद्रने रिक्षा आणली. जवळच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं, प्लेटलेट नऊ हजार. दीड लाखांच्या खाली गेलं तर आम्ही आकड्याखाली रेघ मारतो. तिथल्या डॉक्टरांनी लगेच परळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांमध्ये अडकली तेव्हा चांदणी म्हणाली, “वहिनी, डोकं खूप दुखतंय गं.” मी म्हटलं, आलंच हॉस्पिटल. परळ खूप लांब होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, कोणाशीच बोलली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तिथल्या डॉक्टरीण बाई आमच्याशी फार सांभाळून बोलल्या. रक्ताचा कॅन्सर, त्यातला प्रोमायलोसाइटिक नावाचा एक वेगळा प्रकार. अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत भरून जातात, बाकीच्यांना जागाच उरत नाही. आणि त्यांच्यातले दाणे फुटले की शरीरभर रक्त वाहायला लागतं. “वाईट ह्याचं वाटतं,” बाई म्हणाल्या, “की सगळ्या प्रकारांत हाच सगळ्यांत जास्त बरा होतो. दहा-पंधरा दिवस आधी आली असती तर आज आपण गोळ्यांविषयी बोलत असतो. स्मिअरमध्ये पटकन ओळखू येतो हो, पेशींमध्ये काड्यांच्या मोळ्या दिसतात.”

जितेंद्र माझ्या शेजारी उभा होता. त्याला काही कळलं नाही. मी भिंतीला हात लावला.

दहाव्यानंतर कामावर गेले. कोपऱ्यातल्या टेबलाखाली स्लाइडची लाकडी पेटी आहे, शिकाऊ मुलांसाठी ठेवलेली. त्यात दोन स्लाइडवर पेन्सिलने लिहिलेलं होतं, ‘चांदणी ९’ आणि ‘चांदणी ९ परत’. पहिली लावली. तेलाचा थेंब घातला, फोकस केला आणि समोरच ती पेशी आली. दाणे, आणि काड्यांची मोळी. पुढच्या भागात आणखी एक. मोनोसाइट त्यात एकही नव्हता.

मग दुसरी स्लाइड हातात घेतली. तिच्यावरून तर तिने नॉर्मल आकडे लिहिले होते. लावली. चौदा वर्षांत माझ्या हातून अशी स्लाइड झाली नसेल. सुरेख ओढलेली, मागचा भाग लख्ख, गाळाचा एक ठिपका नाही. दोनदा गाळला असेल तिने स्टेन, तीनदा गाळला असेल. आणि तरी त्या पेशी होत्याच, त्याच काड्या. अख्ख्या स्लाइडवर प्लेटलेट मला चार सापडल्या. खांड बुजवायला बाया उरल्याच नव्हत्या.

म्हणजे तिला दुसऱ्यांदाही तेच दिसलं होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही. पुस्तक उघडून नॉर्मल आकडे उतरवले, चित्रं उतरवली आणि माझ्यासमोर ठेवली. स्वतःचंच रक्त होतं ते. मी त्यावर ‘आता कसं’ लिहिलं.

मला अजूनही स्वतःची खात्री नव्हती, किंवा खात्री नको होती. नावाची बाजू चिकटपट्टीने झाकून मी दुसरी स्लाइड संध्याकाळी हंसा मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी डोळा लावला.

“सरस! किसने बनाया? आजकल ऐसा स्मिअर कोई बनाता नहीं.” मग त्यांनी स्लाइड इकडेतिकडे फिरवली आणि खुर्ची मागे ढकलून त्या उठल्याच. “सुचेता, ये तो प्रोमायलो है! पेशंट किधर है? फोन लगाओ अभी, आज के आज भेजो. ये लोग बच जाते हैं, टाइम पे गया तो बच जाते हैं!”

मॅडम फोन हातात घेऊन नंबर मागत होत्या. मी चिकटपट्टी काढली.

त्यांनी नाव वाचलं आणि फोन टेबलावर ठेवला. मला बोलल्या नाहीत. ऑगस्टमध्ये गाळावरून बोलल्या होत्या.

घरी मी कोणाला सांगितलं नाही. जितेंद्रला सांगायचं ठरवून तीन वेळा त्याच्यासमोर बसले आणि मीठ वाढून उठले. तो म्हणायचा, “आपल्या नशिबातच नव्हती ती,” आणि मी ते ऐकून घ्यायची. लोक भेटायला यायचे, बाळाकाकाही काठी टेकत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू व्हतीस घरात म्हनून परलपरयंत तरी पोचली पोर.” तेही मी ऐकून घेतलं.

महिना झाल्यावर एका दुपारी सासूबाईंनी चांदणीची कॉलेजची बॅग उपसली. ॲप्रन घडी करून ठेवला. जर्नल घेऊन माझ्याकडे आल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

“यान तिचा हात हाय ना गो? मना दाखव काय काय लिवलंय.”

मी पान पान उलटून सांगू लागले. ही तांबडी पेशी. हा लिम्फोसाइट. सासूबाई अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. बेसोफिल आला तेव्हा त्यांनीच नाव घेतलं. मग नवव्या प्रयोगाचं पान आलं. मी ते उलटायला गेले, त्यांनी हात ठेवला.

“ही फुली कोनी मारली?”

“मी.”

“चुकली व्हती पोर?”

घरात कोणी नव्हतं. पंखा चालू होता. ‘हो’ म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, त्यांना वाचता येत नाही. पण चांदणी एकदा माझ्यासमोर खोटी ठरली होती, आता तिच्या आईसमोर मला तिला खोटं पाडता येईना.

“नाही आई. तिचं बरोबर होतं. मी चुकले.”

मग मी सगळं सांगितलं. बोटातलं रक्त तिचंच होतं हे. काड्या म्हणजे काय हे. दुसऱ्या पानावरची बरोबरची खूण कशावर केली होती ते, आणि दहा दिवस आधी कळलं असतं तर काय झालं असतं तेही. काही वगळलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी हळूहळू विचारायला सुरुवात केली.

“तिना दोनदा बगला?”

“हो.”

“तिना तुना सांगितला?”

“हो. बघायला बोलावलं होतं.”

“तू गेलीस?”

“नाही आई. मला वाटलं, पुन्हा बाळाकाकांसारखंच असेल. खोटं असेल.”

त्या फुलीकडे बघत राहिल्या. मग जर्नल मिटून मांडीवर घेतलं.

“मिठागरान आमची पोरा बांधावर खेलाची,” त्या म्हणाल्या. “भरतीच्या टायमाला एकादा वरडायचा, खांड पडली, खांड पडली. धा टाइम खोटा निघायचा. तरी अकराव्या टायमाला आमी धावाचो. पयला जाऊन बगाचो गो. मंग पोराला मारायचो.”

त्या उठल्या. जर्नल पोटाशी धरून आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं, तांदूळ धुतल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिले. त्यांनी परत बाहेर येऊन मला मारावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी आतूनच विचारलं, भात किती जनांचा लावू, आणि मी बोटांवर मोजू लागले, जितेंद्र, त्या, आणि स्वतःशी येऊन अडले.